आमचीं दोन शिरस्त्राणें

मस्तकास आपल्या पूर्वजांनीं उत्तमांग असें नांव देऊन ठेविलें आहे, आणि तें यथार्थ आहे याविषयीं कोणीं वाद घातल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परंतु एखाद्या वस्तूस उत्तम म्हणणें आणि तिची निगा उत्तम प्रकारें राखणें ह्या दोन गोष्टींचें आमच्या समाजांत फारसें सख्य दिसून येत नाहीं. पायांतला जोडा घेतांना जो मनुष्य दुकानदारास अर्धा तास उठाबशा काढावयास लावितो, दहा जोड चढवून पाहतो, चार पावलें चालून पाहतो, तोच मनुष्य हेल्मेट घेतेवेळीं रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या माळेपाशीं गाडी बंदही न करतां उभा राहतो, आणि "कितीला?" एवढा एकच प्रश्न विचारून तें विकत घेतो. 'शिर सलामत तो पगडी पचास' ही म्हण आपण नेहमीं उच्चारतों. पण शिर सलामत आहे तोंवर पगडी कसलीही चालेल, असा तिचा अर्थ लोकांनीं करून घेतला आहे कीं काय, अशी शंका आम्हांस पुष्कळ वेळां येते.

हें झालें लोकांविषयीं. आमच्याविषयीं बोलावयाचें तर आम्हीही त्याच माळेचे मणी होतों. आणि त्याची किंमत ज्या व्यक्तीस द्यावी लागली ती व्यक्ति आम्ही नव्हतों.

प्रतापनगरांत राहावयास येऊन आम्हांस आतां तीस वर्षें होत आलीं. त्यांतल्या पहिल्या वीस वर्षांत आमचा सारा संसार एका बजाज स्कूटरवरून इकडचा तिकडे झाला. मुलीची शाळा, खामल्याची भाजी, बर्डीवरची दिवाळीची खरेदी, आणि वर्षांतून तीनचार वेळां काटोल. काटोल हें आमच्या मंडळींचें माहेर. संत्र्यांसाठीं तें गांव सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस मात्र तें मुख्यतः तेथपर्यंतच्या साठेक किलोमीटरांसाठीं ठाऊक होतें. घरांत आमचीं वृद्ध आईवडील माणसें, मुलगी, येणारेजाणारे आणि भिंतीपलीकडचे शेजारी. नवराबायकोनें दोन शब्द मोकळेपणानें बोलावे अशी जागा घरांत नव्हती. ती स्कूटरवर होती. कोणाचें लग्न कोठें अडलें आहे, कोणास किती उसने द्यावे, मुलीस कोणती शाखा घेऊं द्यावी, ह्या आमच्या घरांतल्या सर्व महत्त्वाच्या प्रश्नांचा निकाल फेटरी आणि कळमेश्वर यांच्या दरम्यान लागलेला आहे. बोलणें बहुतेक मागूनच होई. डाव्या खांद्यावरून येणारा तो आवाज ऐकत गाडी हाकावी, मधून मधून विरोध करावा, आणि गांव येईपर्यंत तिचेंच म्हणणें मान्य करावें, असा एकंदर क्रम असे.

२०१६ सालीं आपल्या राज्यांत 'हेल्मेट नाहीं तर पेट्रोल नाहीं' अशी घोषणा झाली. ती पुढें किती पाळली गेली हा प्रश्न निराळा. आमच्यासारख्या भित्र्या माणसांस नुसती घोषणाही पुरते. आम्हीं हेल्मेट घेतलें. संपूर्ण तोंड झाकणारें, काळें, जरासें ढिलें, आणि एकच. पेट्रोलपंपावरचा मनुष्य चालविणाराचें डोकें पाहील, मागचें कशाला पाहतो, हा त्यांतला हिशेब. मंडळींनींही तो निमूटपणें मान्य केला. अंबाडा मोडतो, जीव गुदमरतो, अशीं आपलींही दोन कारणें त्यांत घातलीं. त्या दिवसापासून डाव्या खांद्यावरचा आवाज बंद झाला. म्हणजे ती बोलत असे. पण भिंतीपलीकडचें बोलणें ऐकूं यावें तसा तो नुसता नाद आम्हांस लागे, आणि आम्ही सवयीनें 'हूं' म्हणत असूं.

त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत, दिवेलागणीच्या सुमारास काटोलहून परत येत असतां, फेटरीजवळ रस्त्याच्या डाव्या अंगास बसलेली एक गाय उठून उभी राहिली. आम्हीं ती पाहिली नाहीं. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनीं आमचे डोळे दिपले होते. मंडळी डावीकडे पाय सोडून एका अंगावर बसलेली, त्यामुळें ती बाजू तिच्या अगदीं डोळ्यांसमोर होती. ती ओरडली, "गाय!" आम्हांस ऐकूं आलें, "काय?" ती कांहीं विचारीत आहे असें समजून आम्हीं मान किंचित मागें वळविली आणि मोठ्यानें उलट विचारलें, "काय?"

पुढच्या दोन क्षणांचें वर्णन आमच्यानें होणार नाहीं. गाय सुखरूप राहिली. आमचें कोपर खरचटलें, आणि हेल्मेटवर डाव्या अंगास वीतभर ओरखडा उमटला. तें हेल्मेट नसतें तर तो कोठें उमटला असता, हें पाहणारास सांगावें लागत नव्हतें. तिचें डोकें डांबराच्या कडेवर आपटलें. दवाखान्यांत एकोणीस दिवस गेले. कानामागचें हाड तडकलें होतें. ती हिंडूंफिरूं लागली, पण डाव्या कानानें ऐकणें गेलें तें गेलेंच. ह्या गोष्टीवरून तिनें आम्हांस आजवर एक शब्द बोलून दाखविलेला नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें, असें आम्हांस अनेकदां वाटलें आहे.

स्कूटर विकली. काटोलास जाणें एस्टीनें होऊं लागलें. ओरखड्याचें तें हेल्मेट मात्र आमच्यानें ना टाकवलें ना कोणास देववलें. माळ्यावरच्या एका खिळ्याला तें अजून टांगलेलें आहे.

गेल्या दिवाळीनंतर आमचा भाचा नोकरीनिमित्त परदेशीं गेला, आणि जातांना आपली मोटरसायकल आमच्या अंगणांत ठेवून गेला. "मामा, आठवड्यांतून एकदा तरी सुरू करत जा," एवढें त्याचें मागणें. ती सुरू करावी, पांच मिनिटें धूर काढावा आणि बंद करावी, हा विधि आम्ही दर रविवारीं यथासांग करीत असूं. अशाच एका रविवारीं मंडळी दारांत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, नुसती सुरू करून काय ठेवता? काटोलला जाऊन येऊ." आम्हीं एस्टीचें नांव काढलें. "एस्टीनं काटोल येतं, रस्ता येत नाही," ती म्हणाली. आणि मग, भाजीची यादी सांगावी तशा आवाजांत, "दोन हेल्मेटं घ्या. आणि मी बोललेलं तुम्हाला ऐकू येईल असं काही यंत्र मिळतं म्हणे, तेही घ्या."

आम्ही जन्मभर कारकुनी केलेले. हातीं आलेल्या विषयाची फाईल झाल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. तेव्हां दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं वाचन सुरू झालें, आणि वाचतां वाचतां आम्ही थेट अरबस्तानच्या लॉरेन्सपाशीं जाऊन पोंचलों. हा गृहस्थ पूर्वीं कांहीं काळ कराचीस इंग्रजांच्या विमानदळांत एक साधा सैनिक म्हणून राहून गेलेला. १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांत आपल्या घराजवळच मोटरसायकलवरून येतांना सायकलवरील दोन मुलांस चुकविण्याच्या प्रयत्नांत तो पडला, आणि १९ मे रोजीं वारला. डोक्यावर कांहीं नव्हतें. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. रोगी तर गेला. पण त्याचें जाणें ह्या वैद्याच्या मनांतून गेलें नाहीं. मोटरसायकलवरून पडून डोकें फुटलेल्यांचे दाखले तो जमवूं लागला, आणि १९४१ सालीं त्यानें त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेले अवघे ७ जखमी त्याच्या पाहण्यांत आले होते, आणि त्यांतला एकही दगावला नव्हता. ब्रिटिश लष्करानें त्याच वर्षीं आपल्या निरोप्यांस हेल्मेट सक्तीचें केलें. सामान्य प्रजेस मात्र तें १९७३ त सक्तीचें झालें. एका वैद्यानें युद्धाच्या धामधुमींत सांगितलेली गोष्ट कायद्यांत उतरावयास त्या देशास बत्तीस वर्षें लागलीं, हें वाचून आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडेंसें बरें वाटलें. पुढें जगभरच्या अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेणारी एक समीक्षा २००८ सालीं निघाली. हेल्मेटनें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो, असा तिचा निष्कर्ष आहे. त्या निबंधाचें जवळ जवळ ओझेंच आमच्या फाईलींत जमलें. पण आमचें लक्ष त्यांतल्या एकाच बाबीकडे पुनः पुनः जाई.

आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम चालविणारा आणि मागें बसणारा असा भेद करीत नाहीं; २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर चार वर्षांवरील प्रत्येकास तें लागू आहे, आणि मोडणारास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना बंद अशी शिक्षा आहे. परंतु कायदा कांहींही म्हणो, नवी गाडी घेतांना विकणारानें ग्राहकास द्यावयाचें हेल्मेट नियमांत एकच धरलेलें होतें. दोन द्यावीं असा मसुदा मध्यवर्ती सरकारनें काढला तो २०२५ सालीं. म्हणजे आम्हीं जो हिशेब केला तो आम्हीं एकट्यांनींच केला असें नव्हे. सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं ह्या देशांत हेल्मेट न घातलेलीं ५०,०२९ माणसें दुचाकीच्या अपघातांत मेलीं. त्यांत ३५,६९२ चालविणारीं होतीं आणि १४,३३७ मागें बसलेलीं. ह्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून आम्ही किती वेळ बसलों होतों, तें चहा निवून गेल्यावर लक्षांत आलें.

हेल्मेट काम कसें करतें हें कळल्यावर आमची मोठी निराशा झाली. वरची कठीण करवंटी डोक्याचें रक्षण करते, असें आम्ही समजत होतों. ती रक्षण करते खरी, टोकदार वस्तु आंत शिरूं देत नाहीं, आघात पसरविते. पण खरें काम आंतल्या थर्माकोलचें. दूरदर्शन-संचाच्या खोक्यांत असतो त्याच जातीचा, परंतु अधिक घट्ट असा हा थर आघाताच्या वेळीं चुरडतो, आणि त्या चुरडण्यांत डोकें एकदम न थांबतां, क्षणाचा एक अंश कां होईना, सावकाश थांबतें. एवढ्या अंशावर सगळा खेळ आहे. एकदां चुरडलेला थर पुनः फुगत नाहीं. म्हणून एकदां जोराचा मार बसलेलें हेल्मेट बाहेरून नवें दिसलें तरी निकामी समजावें. थोडक्यांत, ही वस्तु आपण मरून धन्यास वांचविणाऱ्या सेवकासारखी आहे. तिचा कस ज्या दिवशीं लागतो तोच तिचा शेवटचा दिवस.

दुकान बर्डीवरचें. गल्ल्यामागें विशीबाविशीचा एक मुलगा होता. आम्हांस पाहतांच त्यानें नुसती टाळू झाकणारीं अर्धीं हेल्मेटें पुढें केलीं. "काकाजी, उन्हाळ्यात हेच बरं. हलकं राहते." नागपूरच्या उन्हाविषयीं आम्हांस कोणीं शिकवावें असें नाहीं, पारा पंचेचाळिसापलीकडे गेलेला आम्हीं ह्याच रस्त्यांवर सोसलेला आहे, आणि मे महिन्यांत डोकें भट्टींत घातल्यासारखें होतें ही तक्रारही खोटी नाहीं. पण पडणारा मनुष्य टाळूवरच पडतो असा नियम नाहीं. हनुवटी, गाल, कानशील हींही मस्तकाचींच अंगें आहेत. कानशिलाविषयीं तर आमच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नव्हता. आम्हीं हनुवटीवर कमान असलेलें पूर्ण हेल्मेट, वारा खेळावयास पुढें मागें झडपा असलेलें, दाखवावयास सांगितलें. छापा पाहिला. भारतीय मानक ४१५१ चा तो शिक्का नसलेलें हेल्मेट विकणें १ जून २०२१ पासून मना आहे. आणि रस्त्यावरच्या माळेंत तो शिक्का नुसता रंगानें काढलेलाही सांपडतो, म्हणून शिक्क्याजवळ परवान्याचा क्रमांक आहे कीं नाहीं तेंही पाहावें. बेळगांवच्या वेगा कारखान्याचीं हेल्मेटें पाहून तेवढ्यापुरता आपला सीमाप्रश्न आम्हांस आठवला, आणि आम्हीं तो मुकाट्यानें परत फळीवर ठेविला.

खरी कसोटी मापाची. भुंवयांच्या जरा वरून डोक्याभोंवतीं फीत गुंडाळावी. आमचें अठ्ठावन्न सेंटिमीटर भरलें, तिचें छप्पन. जुनें हेल्मेट आम्हीं साठांचें घेतलें होतें असें आतां कळलें. चांगलें बसणारें हेल्मेट प्रथम गैरसोयीचें वाटतें. गाल दाबले जाऊन तोंड माशासारखें होतें, आणि त्यांत मनुष्य आरशांत पाहतो तेव्हां निम्मे ग्राहक एक माप मोठें मागतात. तें मागूं नये. गाद्या पुढें दबतात. पट्टा बांधून हेल्मेट हातांनीं डावीउजवीकडे फिरवावें. गालांची कातडी बरोबर फिरली पाहिजे. मग मागच्या कडेला धरून तें पुढें ढकलून पाहावें. निघतां कामा नये. आम्ही हे सर्व प्रयोग करीत असतां तो मुलगा कौतुकानें पाहत होता. मोठ्या मापाचें एक चढवून आम्हीं मान हलविली तेव्हां मात्र तोच म्हणाला, "हे लूज होऊन राह्यलं, काकाजी. याच्यापेक्षा नका घालू." त्या क्षणापासून आमचा त्याच्यावर विश्वास बसला.

मंडळींस अंबाडा सोडून सैल वेणी घालावी लागली. आमच्याकडे उन्हाळ्यांत डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून वर हेल्मेट चढवितात. तसें करून माप घेतलें तर हिंवाळ्यांत तेंच ढिलें होतें, म्हणून माप मोकळ्या डोक्याचेंच घेतलें. काळी कांच तिनें स्वतः नाकारली. "संध्याकाळी यायचं असतं," एवढेंच ती म्हणाली.

राहिलें तें यंत्र. आमच्या लहानपणीं बिनतारी म्हटलें कीं जगदीशचंद्र बसूंचें नांव येई; १८९५ च्या सुमारास कलकत्त्यांत त्यांनीं तारेवांचून दूरची घंटा वाजवून दाखविली होती, हें आम्हांस शाळेंत अभिमानानें सांगत. ह्या यंत्राचें नांव ब्ल्यूटूथ, म्हणजे निळा दांत. दहाव्या शतकांतल्या हॅराल्ड नांवाच्या एका डेन्मार्कच्या राजाचें तें टोपणनांव. त्यानें विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखालीं आणिल्या, म्हणून निरनिराळ्या यंत्रांस एकत्र आणणाऱ्या ह्या पद्धतीस त्याचें नांव. एका सेकंदांत सोळाशें वेळां ह्या लहरी आपली वाट बदलितात, त्यामुळें शेजारच्या गोंगाटांत त्यांचें बोलणें अडत नाहीं. शेजारच्या गोंगाटांत तीस वर्षें बोलूं पाहणाऱ्या आमच्यासारख्यांस हें विशेष वाटलें.

त्या मुलानें दोन प्रकार मांडले. एकांत यंत्रें साखळीसारखीं एकमेकांस जोडतात, मधला दुवा मागें राहिला कीं साखळी तुटते. दुसऱ्यांत जाळें विणलें जातें, आणि एक गांठ सुटली तरी बाकीचीं आपली वाट शोधून घेतात. दुसरा प्रकार दहापंधरा मोटरसायकली घेऊन पचमढीस जाणाऱ्या तरुणांसाठीं. त्याची किंमत ऐकून आमची साखळी तेथेंच तुटली. "दीड किलोमीटरपर्यंत आवाज येते, काकाजी," तो म्हणाला. आम्हांस दीड हात पुरेसे होते. साधी जोडी घेतली. पैसे वांचले ते आम्हीं मायक्रोफोनच्या स्पंजावर आणि कर्ण्यांच्या जागेवर लक्ष देण्यांत घातले, म्हणजे आणखी एक तास त्या मुलास छळलें. पूर्ण हेल्मेटांत मायक्रोफोन हनुवटीच्या कमानींत, ओठांसमोर बसतो, आणि बाहेरचा वारा त्यास लागत नाहीं. कर्णा कानाच्या भोंकासमोर यावा. बोटभर पुढेंमागें झाला तरी आवाज निम्मा होतो. जागा होत नाहीं म्हणून कांहीं दुकानदार आंतला थर्माकोल चाकूनें कोरतात. तसें केलें तर ज्या थराकरितां एवढी किंमत मोजली तोच कमी केल्यासारखें होतें. आमच्या हेल्मेटांत कानापाशीं मुळांतच खळगा होता.

तिच्या हेल्मेटांत मुलगा डावा कर्णा बसवूं लागला, तेव्हां ती म्हणाली, "तिकडचा राहू दे बेटा. त्या कानाला सुटी आहे." मुलानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं दुकानाच्या छताकडे पाहिलें.

ह्या यंत्रांत गाणीं ऐकतां येतात, टेलिफोन घेतां येतो, वाटही सांगितली जाते. तीं सर्व अंगें आम्हीं बंद करविलीं. फोन हातांत धरून गाडी चालविणें कायद्यानें दंडनीय आहे. कानांत आला म्हणून त्याचें लक्ष विचलित करणें कमी होतें असें आम्हांस वाटत नाहीं. फोनवरच्या मनुष्यास आपल्यासमोर ट्रक आला आहे हें दिसत नाहीं, आणि तो बोलतच राहतो. मागें बसलेल्या माणसास तें दिसतें. हा भेद आम्हांस पुस्तकांतून शिकावा लागलेला नाहीं. आवाजही इतकाच ठेविला कीं रस्त्याचा नाद त्याच्याबरोबर कानीं यावा.

पहिला प्रयोग घरांतच झाला. ती हेल्मेट घालून स्वयंपाकघरांत, आम्ही अंगणांत. कुकरची तिसरी शिटी आम्हांस अशी ऐकूं आली कीं शेजारच्या मुलांनीं आमची उडी पाहून टाळ्या पिटल्या.

जानेवारींतल्या एका सकाळीं निघालों. प्रतापनगरच्या चौकांतून रिंगरोडास लागलों, काटोल नाका मागें पडला. ती कारणाकारणानें बोलत होती. भावजयीच्या गुडघ्याविषयीं, आंबिया बहाराच्या भावाविषयीं, आमच्या भाच्यानें गाडीचें आसन इतकें उंच कां निवडलें याविषयीं. आवाज खांद्यावरून येत नव्हता, डोक्याच्या आंतूनच आल्यासारखा येत होता, आणि त्याची संवय व्हावयास थोडा वेळ लागला. ह्या खेपेस ती एका अंगावर नव्हे, दोहोंकडे पाय टाकून बसली होती; त्यासाठीं तिनें सलवार-कमीज घातला होता, आणि माहेरीं पोंचतांच तो बदलावयाचा असें ठरलें होतें. फेटरी जवळ येऊं लागली तशी ती बोलावयाची थांबली. आम्हींही वेग कमी केला. रस्ता आतां रुंद झालेला आहे. नेमकी जागा ओळखूं येत नाहीं.

मायक्रोफोन ओठांपासून बोटभर अंतरावर होता. त्यांत ओरडावें लागत नाहीं. पुटपुटलें तरी पुरतें. आणि तोंड पाहावें लागत नाहीं. आम्ही म्हणालों, "त्या दिवशी मला 'काय' ऐकू आलं होतं."

थोडा वेळ नुसता वारा ऐकूं आला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "समोर पाहा. कळमेश्वरला चहा घेऊ."